चोचीवरची नळी

जुलैतली गोष्ट. रात्रभर वारा असा घोंघावत होता की आमच्या ऐरोलीच्या इमारतीच्या गच्चीवरचा एक पत्रा उचकटून खालच्या गुलमोहरात जाऊन अडकला. सकाळी सातला वॉचमन दारात उभा. "ताई, गच्चीवर बदक पडलंय. जवळ गेलं की चावतंय." इमारतीत पाखरांचं काही निघालं की माझ्याच दाराची बेल वाजते. जुना टॉवेल घेऊन वर गेले.

पाण्याच्या टाकीमागच्या ओल्या कोपऱ्यात ते बसलं होतं. बसलं होतं म्हणजे पोटावर पडलं होतं. गडद चॉकलेटी रंग, अंगानं कावळ्याहून थोडं थोराड, आणि पंख इतके लांब की मिटल्यावरही शेपटीशी कात्रीसारखे एकमेकांवर आलेले. उठायला गेलं की दोन पावलांत पुढे तोंडावर आपटायचं. पायांना बदकासारखे पडदे होते, म्हणून वॉचमन बदक म्हणाला ते काही चूक नव्हतं. पण हे पाय गुलाबी होते, बाळाच्या तळव्यासारखे. चोच फिकट, टोकाला काळसर आणि आकड्यासारखी वळलेली. टोकाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. पाखरू टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं तेव्हा चोचीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, एक आखूड नळी दिसली. दुनळी बंदुकीच्या तोंडासारखी शेजारी शेजारी दोन भोकं.

ती नळी बघून माझ्या अंगावर काटा आला. ठाण्याच्या खाडीवर इतकी वर्षं फिरते आहे. इथले रोहित, बगळे, पाणकावळे, हिवाळ्यात येणारे कुरव आणि सुरय ओळखीचे झाले आहेत. २०१५ मध्ये ही खाडी रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तेव्हा आम्ही कांदळवनाच्या कडेला उभं राहून पेढे वाटले होते. पण या सगळ्यांना पाय टेकायला चिखल, खडक किंवा खांब लागतो. चोचीवर नळी असलेली पाखरं वेगळ्या दुनियेतली. अल्बाट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल ही सगळी त्या एका घराण्यातली. ती जमिनीवर येतात ती फक्त अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला, तीही बहुतेक दूरच्या बेटांवर. बाकीचं आयुष्य उघड्या समुद्रावर. मी त्यांना मनातल्या मनात 'नळीनाके' म्हणते.

माझ्याकडचं पक्षी ओळखायचं पुस्तक काढलं. त्यात नळीनाक्यांची पानं आहेत, पण सगळे उडताना दाखवलेले, एकदा वरून, एकदा खालून, अंगठ्याएवढे. बोटीतून दुर्बीण लावणाऱ्याला तेच हवं असतं. मांडीवरच्या पाखराशी मात्र त्यातलं काही जुळेना. मग फोनवर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी उघडली. जगभरच्या ग्रंथालयांनी निसर्गविज्ञानाची जुनी पुस्तकं स्कॅन करून तिथे सगळ्यांना फुकट खुली केली आहेत. एकेक रंगीत पान सरकवत गेले आणि ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांवरच्या जॉन गूल्डच्या ग्रंथात माझं पाखरू सापडलं. फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. गूल्डने १८४४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी पायांवरून. 'कार्नेइपीस' म्हणजे मांसाच्या रंगाच्या पायांचं.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं चित्र आजच्या पुस्तकापेक्षा माझ्या कामाला का आलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. उत्तर म्हटलं तर साधं आहे. जुन्या चित्रकाराच्या पुढ्यातही पाखरू असंच होतं, हाताच्या अंतरावर. मीही तेच बघत होते जे त्याने बघितलं, आणि जे त्याला दिसलं नाही ते मलाही दिसत नव्हतं.

आधी हे पाखरू ऐरोलीत आलं कसं ते सांगते. आपल्या किनाऱ्यापुढे समुद्र लगेच खोल होत नाही. शाळेच्या भूगोलात जिला समुद्रबूड जमीन म्हणतात ती मुंबईसमोर तीनेकशे किलोमीटर पसरलेली आहे. तिच्या पलीकडे खरी खोली सुरू होते, आणि नळीनाक्यांचा वावर मुख्यतः तिकडे. पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवर वाढणारी ही शिअरवॉटरं तिकडच्या थंडीत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, हजारो किलोमीटर उडून अरबी समुद्रावर येतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांजवळ खालचं थंड, सत्त्वयुक्त पाणी वर येतं, त्यावर प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव माजतात, प्लवकामागे मासा येतो आणि माशामागे ही पाखरं. आपण ज्या महिन्यांत छत्र्या शोधतो आणि आपल्या कोळ्यांच्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे बंदरात असतात, त्या महिन्यांत त्या समुद्रावर यांची जत्रा भरलेली असते. आपल्याला त्यातली दिसतात ती वाऱ्याने फेकलेली, दमलेली, उपाशी पाखरं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे मास्क्ड बूबी, सूटी टर्न, एखादं फ्रिगेटबर्ड गच्चीवर किंवा वाळूत सापडतं, त्यामागे हेच कारण असतं.

आता चित्रांकडे.

१७६८ मध्ये कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' जहाज इंग्लंडहून निघालं तेव्हा जोसेफ बँक्स या श्रीमंत तरुण निसर्गअभ्यासकाने आपल्या खर्चाने माणसं बरोबर घेतली होती. त्यात सिडनी पार्किन्सन नावाचा विशीतला स्कॉटिश चित्रकार होता. वारा पडला, जहाज थबकलं की बँक्स छोटी होडी पाण्यात सोडायचा आणि बंदुकीने पाखरं टिपायचा. ती पार्किन्सनच्या टेबलावर यायची. डुलतं जहाज, दाटीवाटीची खोली, दमट कागद आणि तास-दोन तासांत रंग उतरू लागलेलं पाखरू. वेळ पुरत नसे म्हणून तो बाह्यरेषा काढून थोड्या भागातच रंग भरायचा, बाकीच्या रंगांची टिपणं लिहून ठेवायचा आणि चित्र नंतर पुरं करायचं म्हणून बाजूला ठेवायचा. ताहितीला तर माशा ओला रंग कागदावरून चाटून नेत, असं बँक्सच्या रोजनिशीत आहे. त्या सफरीत पार्किन्सनने प्राण्यांचीच सुमारे ३०० चित्रं काढली, वनस्पतींची त्याहून कितीतरी जास्त. नंतर पुरं करायचा दिवस मात्र आला नाही. जानेवारी १७७१ मध्ये, बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता सोडल्यावर, परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात तो आजारपणाने गेला. वय जेमतेम पंचवीस. त्याच्या अर्धवट रंगवलेल्या पाखरांकडे बघताना मला प्रत्येक वेळी त्या कोऱ्या जागेत तो दिसतो.

पाखरांचं पुढे काय व्हायचं? पुष्कळदा ती खाल्ली जायची. फेब्रुवारी १७६९ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घातल्यावर, बँक्सने अल्बाट्रॉस शिजवायची कृती लिहून ठेवली आहे. सोलायचा, रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजवायचा, अर्धवट उकडून ते पाणी फेकायचं आणि मग अगदी थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून झणझणीत रश्शाबरोबर वाढायचा. महिनोन् महिने खारवलेलं मांस खाणाऱ्या माणसांना ताजं मांस म्हणजे सण होता, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यामुळे झालं असं की कित्येक पक्ष्यांचा पुरावा म्हणून संग्रहालयात जपायला कातडं उरलं नाही, चित्र तेवढं उरलं. पुढे १८२० मध्ये हाइनरिश कूल नावाच्या जर्मन तरुणाने पेट्रेल पक्ष्यांवर पहिला सविस्तर शास्त्रीय निबंध लिहिला. त्यासाठी तो लंडनला बँक्सच्या ग्रंथालयात ही चित्रं पाहत बसला होता. पक्षी समुद्राच्या पोटात आणि माणसांच्या पोटात गेला होता, शास्त्र कागदावर टेकून उभं राहिलं. कूलही पुढच्याच वर्षी जावामध्ये वारला, चोविशी गाठायच्या आत. या विषयात इतकी तरुण माणसं का जातात, असं वाचताना सारखं वाटत राहतं.

कातडं टिकलं तरी सगळं टिकत नाही. पिसांचा रंग कपाटात बराच काळ राहतो, पण चोच, पाय आणि डोळे यांचा रंग रक्तावर आणि ओलाव्यावर अवलंबून असतो. तो काही दिवसांत उडतो. गुलाबी पाय मातकट होतात, पिवळी चोच शिंगासारखी दिसू लागते, डोळ्याच्या जागी कापूस येतो. नळीनाक्यांमध्ये तर निम्मी ओळख याच भागांवर असते. चॉकलेटी अंगाची शिअरवॉटरं एकाहून जास्त जातींची आहेत. चोच फिकट की काळपट, पाय गुलाबी की करडे, इथे सगळा निकाल लागतो. म्हणून ताज्या पाखरावरून काढलेलं चित्र शास्त्रज्ञाला कातड्याहून जास्त सांगू शकतं.

कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५, योहान राइनहोल्ड फोर्स्टर आणि त्याचा मुलगा गेओर्ग असे बापलेक होते. निघाले तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि चित्रं काढायचं काम त्याच्याकडे होतं. ते अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या कडेपर्यंत गेले. तिथल्या एका करड्या अल्बाट्रॉसच्या डोळ्यामागे पांढऱ्या पिसांची बारीक कोर असते, काजळाच्या जागी चुना लावावा तशी. बापाने त्या जातीला नाव दिलं 'पाल्पेब्राटा', पापणीवरून. साडेसहा फूट पंखांच्या पक्ष्यात त्यांना पापणी दिसली, कारण पक्षी हातात होता. उडताना ती कोर कोणी टिपली असती असं मला वाटत नाही.

याउलट, नुसत्या शब्दांवर विसंबलं की घोटाळे व्हायचे. लंडनच्या जॉन लॅथमने १७८० च्या दशकात पक्ष्यांचं मोठं वर्णन इंग्रजीत छापलं, पण लॅटिन नावं दिली नाहीत. जर्मनीत गटिंगेनला बसलेल्या योहान फ्रीडरिश ग्मेलिनने १७८९ मध्ये त्या वर्णनांवरून धडाधड लॅटिन नावं ठेवली. माझ्या पाखराचा चुलतभाऊ, वेज-टेल्ड शिअरवॉटर, त्याचं 'पॅसिफिका' हे नाव असंच ठेवलेलं. नाव आजही चालू आहे. तरी ज्या माणसाने पक्षी डोळ्यांनी पाहिला नाही त्याचं नाव त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावापुढे कायमचं लागतं आणि ज्याने त्याच्या डोळ्याची कोर रंगवली तो तळटीपेत राहतो, हे मला पटत नाही.

तळटीपेत राहिलेली आणखी एक म्हणजे एलिझाबेथ गूल्ड, जॉन गूल्डची बायको. १८३८ मध्ये ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. मोठ्या मुलाला बरोबर घेतलं आणि तीन लहानग्यांना इंग्लंडमध्ये आजीकडे ठेवलं. चार महिन्यांचा जलप्रवास. वाटेत गूल्ड समुद्रपक्षी गोळा करत होता. परतल्यावर १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर ती गेली, सदतीस वर्षांची होती. सात खंडांच्या त्या ऑस्ट्रेलिया-ग्रंथातली ८४ चित्रं तिची. पुढची बहुतेक हेन्री कॉन्स्टंटाइन रिक्टरने केली. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, शाईने कागदावर छाप घ्यायचा आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, अशी ती लिथोग्राफीची पद्धत. माझ्या फोनवर जे गुलाबी पाय दिसत होते ते कुणीतरी ब्रशने रंगवलेले होते, प्रत्येक प्रतीत पुन्हा पुन्हा.

हाताने रंगवायच्या या परंपरेचा शेवटचा मोठा ग्रंथ नळीनाक्यांवरच आहे. फ्रेडरिक ड्यूकेन गॉडमन याने १९०७ ते १९१० या काळात तो प्रसिद्ध केला, आणि त्यातली शंभराहून अधिक रंगीत चित्रं योहानेस केउलेमान्स या डच चित्रकाराची. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी स्टुअर्ट बेकरने भारतातल्या बदकांवर जी लेखमाला आणि मग पुस्तक लिहिलं, त्याच्या चित्रकारांतही केउलेमान्सचं नाव आहे. त्याच्या पेट्रेलच्या पानांवर मी तासन् तास घालवले आहेत. चोचीवरची प्रत्येक शिवण, नळीच्या तोंडाचा कोन, पायाच्या पडद्यावरच्या शिरा, सगळं जागच्या जागी. अल्बाट्रॉसच्या नळ्या चोचीच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या असतात, पेट्रेल-शिअरवॉटरच्या वर एकत्र आलेल्या असतात. हा भेद तिथे नखाएवढ्या जागेत चोख उतरला आहे.

आणि त्याच पानांवर, इतक्या चोख हाताकडून, ढळढळीत चुकाही आहेत. पेट्रेल खडकावर कोंबड्यासारखी ताठ उभी आहेत! माझं पाखरू तर दोन पावलं टाकू शकत नव्हतं. या कुळातल्या बहुतेकांचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, पाण्यात वल्हवायला सोयीचे. जमिनीवर ती घोट्यांवर आणि पोटावर सरपटतात. अल्बाट्रॉस आणि जायंट पेट्रेल तेवढी नीट चालू शकतात. चित्रकाराने हे पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे तार भरून उभं केलेलं किंवा पाठीवर निजवलेलं कातडं होतं, आणि पक्षी म्हणजे उभा असणार असं त्याने गृहीत धरलं.

कागदाचीही अडचण होती. भटक्या अल्बाट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत जातात, जगातल्या कुठल्याही पक्ष्याहून लांब. ऑडुबनने अमेरिकेचे पक्षी खऱ्या मापात छापायचं ठरवून जवळजवळ मीटरभर उंचीचा कागद वापरला, तिथेही हे पंख पसरून मावले नसते. मग चित्रकार पंख मिटवून टाकत. जो पक्षी म्हणजे मुळी पंखच, त्याचे पंख मिटलेले. जिवांना लॅटिन नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या अल्बाट्रॉसला 'एक्झुलान्स' म्हणजे परागंदा, घर सोडून भटकणारा असं नाव दिलं आणि आधार घेतला जॉर्ज एडवर्ड्सच्या चित्राचा. एडवर्ड्सने ते लंडनमध्ये, जहाजांवरून आलेल्या मेलेल्या पक्ष्यांवरून काढलं होतं. भटकणं दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

पण मला खरं गुंतवून ठेवलं ते त्या नळीने. १८११ मध्ये इलिगर या जर्मन शास्त्रज्ञाने या गटाला 'ट्युबिनारेस' म्हणजे नळीनाके असंच नाव दिलं होतं. पार्किन्सनने नळी काढली, फोर्स्टरने काढली, रिक्टरने दगडावर उतरवली, केउलेमान्सने तिच्यावर उजेड कुठून पडतो तेही दाखवलं. ती आहे कशासाठी, हे यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तरी कोणी ती गाळली नाही, आखडली नाही, सुबक केली नाही. मला हे फार मोठं वाटतं. कळत नाही ते जसं आहे तसं काढून ठेवायला जो धीर लागतो तो त्यांच्याकडे होता.

उत्तराचा पहिला भाग १९५७-५८ मध्ये मिळाला. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पाणकावळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकतात. ग्रंथी शरीररचनेच्या अभ्यासकांना आधीच ठाऊक होत्या, काम ठाऊक नव्हतं. समुद्राच्या पाण्याहून खारट द्राव त्यातून नाकावाटे येतो, चोचीवरून ओघळतो आणि टोकाशी थेंब होऊन पडतो. तेव्हा कुठे या पाखरांना गोड्या पाण्यावाचून महिनोन् महिने राहता येतं. ठाण्यापासून बेलापूर-उरणपर्यंतच्या आपल्या आगरी समाजाला वेगळं सांगायला नको, खारं पाणी आणि मीठ वेगळं करणं हा केवढा उद्योग आहे. त्या पाखराच्या कपाळात एक मिठागर चालू होतं. मी ज्याला पावसाचा थेंब समजले तो मिठाचा होता. मी पाहिलेल्या एकाही जुन्या चित्रात तो थेंब नाही. मेलेल्या पाखराच्या चोचीला तो येत नाही ना.

दुसरा भाग वासाचा, आणि इथे एक चित्रच आडवं आलं होतं. ऑडुबनचं म्हणणं होतं की गिधाडं वासाने नाही, नजरेने मढं शोधतात. १८३३-३४ च्या सुमारास त्याचा मित्र जॉन बॅकमन याने चार्ल्सटनमध्ये त्याची परीक्षा घेतली. सोललेल्या, पोट फाडलेल्या मेंढीचं एक ओबडधोबड चित्र रंगवून जमिनीवर ठेवलं. गिधाडं उतरली आणि कॅनव्हासला टोचे मारू लागली. जवळच झाकून ठेवलेल्या खऱ्या मांसाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. झालं, पक्ष्यांना वास येत नाही हा समज शतकाहून जास्त काळ पाठ्यपुस्तकांत पक्का बसला.

तो मोडायला सुरुवात केली तीही एका चित्रकर्तीने. बेट्सी बँग ही अमेरिकेत वैद्यकीय चित्रं काढायची. नवऱ्याचं संशोधन श्वसनाच्या रोगांवर होतं, त्यासाठी ती पक्ष्यांच्या नाकाची आतली रचना कापून, पाहून रेखाटत असे. रेखाटताना तिला दिसलं की काही पक्ष्यांच्या नाकातला वास घेणारा भाग एवढा मोठा आणि गुंतागुंतीचा आहे की तो निरुपयोगी असणं शक्यच नाही. १९६० मध्ये तिने हे 'नेचर'मध्ये मांडलं. तिच्या उदाहरणांत टर्की गिधाड होतं आणि एक अल्बाट्रॉसही होता. दोनशे वर्षं जी नळी बाहेरून काढली जात होती ती तिने आतून काढली. हीच बेट्सी बँग पुढे बंगाली लोककथा इंग्रजीत आणण्यात रमली, हे कळल्यावर ती मला उगीचच जवळची वाटू लागली.

पुढे १९९० च्या दशकात गॅब्रिएल नेव्हिटने उघड्या समुद्रावर प्रयोग करून दाखवलं की पेट्रेल एका विशिष्ट वासामागे जातात. त्या वायूचं नाव डायमिथाइल सल्फाइड. बारीक जीव वनस्पती-प्लवक चरू लागले की तो सुटतो. आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो त्यातला एक भाग तोच. आपल्याला सपाट, एकसारखं वाटणारं पाणी या पाखरांना वासांच्या डोंगरदऱ्यांसारखं भासत असणार. हाच वास समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवरही चढतो, असं २०१६ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं आणि या वासामागे जाणारी पाखरं प्लास्टिक जास्त गिळतात हेही. भरती ओसरल्यावर ऐरोलीच्या कांदळवनाच्या मुळांत जे अडकलेलं असतं ते आता माझ्या डोळ्यांना वेगळं दिसतं.

चित्रांत जे मुळीच नाही ते म्हणजे उडणं. १८८३ मध्ये, मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या पंख न फडफडता उडण्याचं कोडं सोडवलं. लाटांशी घासून वारा पाण्यालगत मंद असतो, वर जोरात. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, माथ्यावर वळतो, वाऱ्याबरोबर खाली घसरतो, पुन्हा चढतो. दर फेरीत वाऱ्यातली थोडी ताकद त्याच्या पदरात पडते. पसरलेले पंख धरून ठेवायला अल्बाट्रॉसच्या खांद्यात एक स्नायुबंध कुलपासारखा अडकतो, त्यामुळे श्रमही नाहीत. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बाट्रॉसना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले तेव्हा दिसलं की अंडं उबवायच्या दिवसांत खाणं शोधायला ते एका खेपेत ३,६०० ते १५,००० किलोमीटर फिरून येतात; हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. उडणं कागदावर आणायचा मनापासून प्रयत्न केला तो एडवर्ड विल्सनने, कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमांवरच्या डॉक्टरने. डेकवर उभं राहून, गारठलेल्या बोटांनी, तो उडत्या पाखरांच्या वळणाच्या नुसत्या पेन्सिलरेषा टिपत असे. १९१२ मध्ये तो स्कॉटबरोबर बर्फातच राहिला.

माझ्या पाखराला मी खोक्यात, अंधारात, सुक्या फडक्यावर ठेवलं. पाणी पाजलं नाही, मासा कोंबला नाही, खाडीत सोडलं नाही. तुमच्याकडे असं पाखरू आलं तर तुम्हीही हेच करा आणि वनखात्याला कळवा. न्यायला माणसं येईपर्यंत तास-दीड तास होता. वही घेतली आणि काढायला बसले. आधी नळी. तीन वेळा खोडली. ते माझ्याकडे एका डोळ्याने बघत होतं आणि चोचीच्या टोकाशी थेंब धरत होता, पडत होता. टॉवेलला कस्तुरीसारखा उग्र तेलकट वास लागला तो तीन धुण्यांत गेला नाही. या पाखरांच्या कातड्यांना संग्रहालयाच्या कपाटातही वर्षानुवर्षं हाच वास येतो म्हणतात.

दुसऱ्या रात्री ते गेल्याचा निरोप आला. अंगात काही उरलंच नव्हतं त्याच्या.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवरच्या तेलाच्या फलाटावर काम करतात, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. त्यांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "अगं, ही तर रोजची. थांब." आणि फोनमधला एक व्हिडिओ लावला. करडा समुद्र, करडं आभाळ, लोखंडी कठडा थरथरतोय. मग लाटेच्या पोटातून एक काळी रेघ वर आली, कलली, तिचं एक टोक पाण्याला शिवलं असं वाटलं, आणि ती पुढच्या लाटेआड गेली. मागून दुसरी. मग पाच-सहा. एकीनेही पंख हलवला नाही. सतरा सेकंदांचा तो व्हिडिओ आम्ही काकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून सात-आठ वेळा पाहिला. त्यात चोच दिसत नाही, पायांचा रंग कळत नाही, नळीचा तर प्रश्नच नाही. मी तो मागून घेतला आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो काकांना पाठवला.